परसातले उशिरा पिकणारे जांभूळ: कलमापासून काढणीपर्यंत

गोड चेरीचे एखादे झाड आपल्या परड्यात लावावे, अशी इच्छा बेळगाव परिसरातल्या अनेक बागप्रेमींना असते. तिचे उत्तर सुरुवातीलाच स्पष्टपणे द्यायला हवे. गोड चेरीला हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसच्या खालची थंडी साधारणपणे आठशे ते हजार तास मिळावी लागते, आणि ती मिळाली तरच तिच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कळ्या, वसंतात नीट फुटतात. काश्मीर आणि हिमाचलच्या उंच भागांत ती थंडी मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात मात्र थंडीच्या रात्रीही पारा क्वचितच दहा अंशांच्या खाली उतरतो. इथे लावलेले चेरीचे झाड काही वर्षे जगेल, पानेही धरेल, पण त्यावर फळांचा हंगाम येणार नाही. म्हणून आंब्याचा भर ओसरल्यावर हाती येणारे, गडद रंगाचे, रसाळ आणि एका घासाचे फळ आपल्या अंगणात हवे असेल, तर याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या जांभळाकडे वळणे शहाणपणाचे आहे. जांबोटी आणि खानापूरच्या रानातून बेळगावच्या बाजारात येणाऱ्या टोपल्या पाहिल्या, की या झाडाला इथली हवा किती मानवते हे वेगळे सांगावे लागत नाही.

या लेखात उशिरा पिकणाऱ्या जांभळाचा विचार केला आहे. आपल्याकडे जांभळाला फुलोरा साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतो आणि फळे मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत पिकतात. जे झाड जूनमध्ये किंवा त्यानंतर पिकते, ते उशिरा पिकणारे समजावे. अशा झाडाची फळे पावसाच्या तोंडावर किंवा भर पावसात तयार होतात, आणि त्याच्या संगोपनातली जवळपास प्रत्येक अडचण याच एका गोष्टीतून उभी राहते. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत हाताने फळ उतरवता आले, तरच हे झाड लावल्याचे सार्थक होते. त्यामुळे झाड पहिल्या वर्षापासून आपल्या हाताच्या टप्प्यात ठेवणे, हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे.

आधी आपला पाऊस ओळखावा

बेळगाव जिल्ह्यात पूर्व-पश्चिम प्रवास केला, तर काही तासांत पावसाचे मान पूर्णपणे बदललेले दिसते. कणकुंबी-जांबोटीच्या घाटमाथ्यावर पाऊस अक्षरशः कोसळतो, बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि अथणी-रायबागकडे तोच ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास येतो. मातीही तशीच बदलते. पश्चिमेला जांभ्याची तांबडी, पाणी झरझर मुरवणारी आणि थोडी आम्लधर्मी जमीन आहे, तर चिकोडी, निपाणीपासून कृष्णाकाठापर्यंत बऱ्याच ठिकाणी काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. जांभळाला या दोन्ही जमिनी चालतात, पण उशिरा पिकणाऱ्या झाडाचे भवितव्य दोन्हीकडे सारखे नसते.

गोकाक, अथणी, चिकोडीच्या बाजूला जूनअखेर पिकणारे झाडही निर्धास्तपणे लावावे, कारण तिथे पावसाची उघडीप मोठी असते आणि फळात गोडी उतरायला ऊन मिळते. बेळगाव शहर, हुक्केरी, बैलहोंगल या मधल्या पट्ट्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पिकणारे झाड बरे पडते. खानापूरच्या पश्चिमेला मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे मृग लागण्यापूर्वी, बहुतेक फळ हाती येईल असेच झाड निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे जुलैत पिकणारे फळ पाण्याने फुगते, तडकते, पचपचीत लागते आणि बुरशीला बळी पडते, आणि त्यावर घरगुती पातळीवर फारसा इलाज नाही.

रोप नको, कलम हवे

बियांपासून वाढवलेल्या जांभळाला फळ धरायला आठ ते दहा वर्षे लागतात, आणि ते फळ कसे निघेल, कधी पिकेल, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. कलमाला साधारण चार ते सहा वर्षांत फळ येऊ लागते आणि ते मूळ झाडासारखेच येते. उशिरा पिकण्याचा गुणही कलमातूनच भरवशाने उतरतो, त्यामुळे इथे बियांच्या रोपाचा विचारच करू नये. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ‘कोकण बहाडोली’ ही मोठ्या फळाची जात प्रसिद्ध आहे आणि तिची कलमे आपल्याकडेही येतात. चांगल्या फळाची खात्री हवी असणाऱ्यांनी ती जरूर लावावी. तथापि आपल्या गावातले, दरवर्षी उशिरा आणि भरभरून पिकणारे एखादे झाड माहीत असेल, तर त्याचे कलम बांधून घेणे मला अधिक योग्य वाटते. त्या झाडाने इथला वळीव आणि इथला वारा पचवलेला असतो, आणि ते नेमके कोणत्या आठवड्यात पिकते हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मातृवृक्ष निवडताना एका वर्षाचे फळ पाहून भुलू नये. झाडाच्या मालकाला निदान मागच्या तीन-चार हंगामांबद्दल विचारावे, फळ चाखावे, बी गराच्या मानाने केवढे आहे हे पाहावे आणि फळ हाताने दाबून गर किती भरतो याचा अंदाज घ्यावा.

कलम बांधण्यासाठी मृदुकाष्ठ कलमाची पद्धत घरीही साधते. एक वर्षाचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे जांभळाचे रोप खुंट म्हणून घ्यावे. मातृवृक्षावरची तीन-चार महिन्यांची, उन्हात वाढलेली, तितक्याच जाडीची डहाळी निवडून तिची पाने देठाचा थोडा भाग ठेवून कापून टाकावीत आणि ती डहाळी आठ-दहा दिवस झाडावरच राहू द्यावी. एवढ्या काळात देठ गळून पडतात आणि पानांच्या बेचक्यातले डोळे टपोरे होतात, आणि हीच ती काडी कलमाला तयार झाल्याची खूण होय. मग बारा ते पंधरा सेंटिमीटरची काडी कापून घ्यावी, तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटरचा पाचरीसारखा उतार द्यावा, खुंटाचा शेंडा छाटून त्याला वरून तेवढीच उभी चीर द्यावी आणि पाचर चिरेत अलगद बसवावी. काडीची आणि खुंटाची साल निदान एका बाजूला तंतोतंत जुळली पाहिजे, कारण सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला तरच सांधा धरतो. त्यानंतर प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळावी आणि काडीवर पेप्सीची (बर्फाच्या कांडीची) लांबट प्लॅस्टिक पिशवी उलटी घालून खाली सैलसर बांधावी, म्हणजे आत दमटपणा टिकतो. पाते धारदार असावे आणि काप एका ओढीत व्हावा. पुन्हा पुन्हा तासलेला काप सांधत नाही. कलम सावलीत ठेवले तर साधारण तीन-चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात, आणि कोंबाने पिशवीला टेकण्यापूर्वी पिशवी काढावी. हे काम मार्च-एप्रिलमध्ये किंवा पावसाच्या अगदी सुरुवातीला करावे.

ज्यांना हा खटाटोप जमणार नाही, त्यांनी बागायत खात्याच्या किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून कलम घ्यावे. घेताना सांधा बोटाने चाचपून पाहावा. तिथे फट, सूज किंवा ओघळलेला डिंक असू नये, आणि सांध्याच्या खालून फुटलेली फांदी असेल तर ती खुंटाची आहे हे ओळखून ती लगेच काढावी. गोकाकजवळच्या अरभावीचे उद्यानविद्या महाविद्यालय आणि बैलहोंगल भागातील मत्तीकोप्पचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडून जातींबद्दल सल्ला घेता येतो.

जागा, खड्डा आणि लागवड

जांभळाची मुळे आणि विस्तार दोन्ही मोठे असतात, म्हणून घराच्या भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर अंतर सोडावे. पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा आणि विजेच्या तारा यांपासूनही झाड दूर असावे. पिकलेली फळे फरशीवर पडली तर डाग निघता निघत नाहीत, त्यामुळे वाहन उभे करण्याची जागा किंवा कपडे वाळत घालण्याची दोरी झाडाखाली येणार नाही याचा विचार आधीच करावा. टिळकवाडी किंवा शहापूरमधल्या लहान प्लॉटमध्ये एवढी मोकळी जागा नसेल, तर जांभळाचा मोह सोडलेला बरा. दिवसभर ऊन मिळेल अशीच जागा घ्यावी, कारण सावलीतले झाड उंच वाढते आणि फळ कमी देते.

उन्हाळ्यात लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी एक मीटर असा खड्डा काढून तो दोन-तीन आठवडे तापू द्यावा. भरताना वरच्या थराची तीन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. तांबड्या जमिनीत वाळवीचा उपद्रव असतो, म्हणून त्यात एक-दोन किलो निंबोळी पेंड घालावी. काळ्या जमिनीत तळाशी थोडा मुरूम टाकल्यास पाणी साचत नाही. खानापूरकडच्या जोरदार पावसाच्या भागात खड्डा जमिनीच्या पातळीवर न ठेवता आजूबाजूपेक्षा वीतभर उंच उंचवटा करून त्यावर लागवड करावी, कारण जांभूळ ओलसर जमीन सोसत असले, तरी कोवळ्या कलमाच्या मुळांशी महिनाभर पाणी तुंबलेले चालत नाही.

पश्चिमेकडे पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर आणि पूर्वेकडे जूनच्या चांगल्या पावसानंतर कलम लावावे. सांधा जमिनीपासून निदान वीतभर वर राहील याची काळजी घ्यावी, मातीचा गड्डा फुटू देऊ नये आणि कलमाला बांबूचा आधार सैल बांधावा. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने झावळ्यांची सावली करावी आणि आळ्यात वाळलेल्या पानांचे किंवा उसाच्या पाचटाचे चार-पाच बोटे जाड आच्छादन घालावे. चिकोडी-निपाणीकडे पाचट मुबलक मिळते आणि ते जाळण्यापेक्षा झाडाच्या बुडाशी घातलेले कितीतरी चांगले. आच्छादन बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये.

झाड बुटके ठेवणे

जांभळाला मोकळे सोडले तर ते घराच्या छपराच्याही वर जाते, आणि मग त्याची फळे पाखरांची आणि वटवाघळांची होतात. त्याहून गंभीर बाब अशी की, जांभळाची फांदी ठिसूळ असते. वरून भक्कम दिसणारी, मनगटाएवढी फांदीही भार पडताच काडकन मोडते, आणि पावसात साल निसरडी झालेली असते. दरवर्षी या झाडांवरून माणसे पडतात. मुलांना या झाडावर कधीही चढू देऊ नये, आणि मोठ्यांनीही चढू नये. झाड चार-साडेचार मीटरच्या वर जाऊ दिले नाही, तर चढण्याची गरजच उरत नाही.

यासाठी पहिली छाटणी लहानपणीच करावी लागते, आणि नेमकी तीच लोकांच्या जिवावर येते. कलम छातीपर्यंत वाढले की त्याचा शेंडा जमिनीपासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर कापावा. त्याखालून जे फुटवे येतील, त्यांतले वेगवेगळ्या दिशांना जाणारे आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर फुटलेले तीन किंवा चार ठेवून बाकीचे काढावेत. एकाच बिंदूतून दोन जोमदार फांद्या फुटल्या असतील, तर त्यांतली एक काढलीच पाहिजे, कारण असा जोड पुढे फळांच्या भाराने उभा चिरतो. ठेवलेल्या फांद्या हातभर लांब झाल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी हेच करत राहिल्यास सांगाडा आडवा पसरतो आणि मध्यभाग मोकळा राहतो. दुपारी झाडाखाली उभे राहून वर पाहिले असता पानांमधून उन्हाचे कवडसे जमिनीवर दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील, तर मधली एखादी उभी फांदी काढण्याची वेळ आली असे समजावे.

फळाला लागलेल्या झाडाची छाटणी काढणी संपल्यावर करावी. पूर्वेच्या कोरड्या भागात ती जुलैतच उरकता येते. पश्चिमेकडे मात्र ओल्या हवेत कापलेल्या जागी बुरशी शिरते, म्हणून गणपतीच्या सुमारास पाऊस कमी होईपर्यंत थांबावे. दसऱ्यानंतर मोठी छाटणी करू नये, कारण त्यानंतर झाडाला फुलोऱ्यापूर्वीची विश्रांती हवी असते. जांभळाचा फुलोरा बराचसा जुन्या, पानांच्या मागच्या काष्ठावर येतो. त्यामुळे शेंडे कापल्याने फळ जाते ही समजूत खरी नाही, पण आतल्या सगळ्या बारीक डहाळ्या साफ करण्याचा उत्साह मात्र फळाला महाग पडतो. एका वर्षात एक चतुर्थांशापेक्षा जास्त पालवी काढू नये. अंगठ्यापेक्षा जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून एकत्र केले, की ती घरीच तयार होते. लोखंडी भांडे यासाठी वापरू नये.

पाणी आणि खत

पहिल्या दोन-तीन वर्षांत उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी द्यावे, पुढे झाड स्वतःची सोय पाहते. फळाला आलेल्या झाडाला पाण्याची खरी गरज फळ वाटाण्याएवढे झाल्यापासून पिकेपर्यंत असते. या काळात आळे कधी कोरडे, कधी तुडुंब असे होऊ देऊ नये, कारण ताण पडलेल्या झाडावर अचानक मोठा वळीव झाला की फळे तडकतात. दहा-बारा दिवसांच्या अंतराने नियमित पाणी देणे हाच त्यावरचा उपाय आहे.

शेणखत पहिल्या वर्षी दहा किलो देऊन दरवर्षी तितकेच वाढवत पन्नास किलोपर्यंत न्यावे आणि ते पावसाच्या सुरुवातीला फांद्यांच्या घेराखाली मातीत मिसळावे. घरच्या झाडाला एवढे पुरते. काळ्या, कसदार जमिनीत एक वेगळाच प्रश्न उद्भवतो: झाड पानांनी डवरते आणि वर्षानुवर्षे फळ धरत नाही. अशा झाडाला आणखी खत घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. त्याचे खत पूर्ण थांबवावे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तोडावे. या ताणाने फुलोरा येण्यास मदत होते.

फुलोरा आणि फळमाशी

फुलोरा आल्यावर झाडावर मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो. या दिवसांत कोणतेही कीटकनाशक फवारू नये, कारण फळधारणा याच माश्यांवर अवलंबून असते. फुले आणि लहान फळे मोठ्या प्रमाणात गळताना दिसली तरी घाबरू नये. निम्म्याच्या आसपास गळ ही या झाडाची रीतच आहे.

उशिरा पिकणाऱ्या जांभळाचा मुख्य शत्रू फळमाशी आहे, आणि तो बहुधा आपल्याच परड्यात वाढलेला असतो. मे महिन्यात झाडाखाली कुजत पडलेल्या आंब्यांत आणि पेरूंत फळमाशीची पिढी तयार होते. आंबा संपतो तेव्हा तिला नवे फळ हवे असते आणि नेमके त्याच सुमारास आपले जांभूळ रंग धरत असते. लवकर पिकणारे झाड यातून पुष्कळदा सुटते, उशिराचे सुटत नाही. म्हणून जांभळाचे संरक्षण आंब्याच्या झाडाखाली सुरू होते. पडलेला प्रत्येक आंबा, पेरू आणि पुढे जांभूळ रोज संध्याकाळी गोळा करून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावे, किंवा दोन फूट खोल पुरावे. नुसते कचऱ्याच्या खड्ड्यात टाकल्याने अळ्या मरत नाहीत. त्या मातीत शिरून कोष करतात आणि माश्या होऊन परत येतात.

एप्रिलच्या मध्यापासून झाडावर मिथिल युजेनॉलचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याचा) फळमाशी सापळा डोक्याइतक्या उंचीवर टांगावा आणि त्यातली गोळी दीड-दोन महिन्यांनी बदलावी. सापळ्यात केवळ नर माश्या सापडतात, त्यामुळे सापळा आहे म्हणून स्वच्छतेत ढिलाई करणे परवडणारे नाही. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आच्छादन. फळे हिरवी टणक असतानाच चांगले घोस मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्यांत बांधावेत किंवा लहान झाडावर संपूर्ण बारीक जाळी टाकून ती बुंध्याशी आवळावी. पाखरे, वटवाघळे आणि फळमाशी या तिन्हींपासून बचाव होतो, शिवाय गळलेले फळ जमिनीवर न पडता पिशवीत राहते. झाड बुटके असल्याशिवाय हे करता येत नाही. काढणीनंतर झाडाखालची माती कुदळीने हलकी चाळवावी, म्हणजे कोष उघडे पडतात. घरी कोंबड्या असतील तर पुढचे काम त्या करतात.

काढणी

जांभूळ झाडावरच पिकते. तांबूस असताना तोडलेले फळ घरात ठेवून काळे पडले, तरी ते गोड होत नाही, तुरटच राहते. पूर्ण काळेभोर, किंचित मऊ आणि देठापासून अलगद सुटणारे फळच उतरवावे. एकाच घोसात हिरवी, तांबडी आणि काळी फळे एकाच वेळी असतात, त्यामुळे रोज सकाळी फेरी मारावी लागते आणि हंगाम दोन-तीन आठवडे चालतो. दव किंवा पावसाचे पाणी फळावर असताना शक्यतो काढू नये. पावसाची झड लागेल असे वाटले, तर आदल्या संध्याकाळीच पिकलेले सगळे फळ उतरवावे. फांद्या गदागदा हलवणे टाळावे. तसे केल्याने कच्चे फळही पडते आणि पिकलेले फुटते. वरची थोडी फळे राहिलीच, तर खाली चादर धरून आकडीने डहाळी हळूच हलवावी.

फळ पसरट परडीत पातळ थराने ठेवावे आणि खाण्यापूर्वीच धुवावे. साध्या हवेत ते दोन-तीन दिवस टिकते, फ्रिजमध्ये त्याहून बरेच अधिक. जास्त आले तर गर काढून साखरेत आटवता येतो किंवा तसाच गोठवून ठेवता येतो. ज्यांना पुढच्या वर्षीसाठी खुंट तयार करायचे असतील, त्यांनी धुतलेल्या बिया सुकवत न बसता दहा-पंधरा दिवसांच्या आत पिशव्यांत लावाव्यात, कारण जांभळाच्या बीची उगवणशक्ती फार लवकर जाते. एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात. त्यांतला सर्वांत जोमदार ठेवून बाकीचे कापून टाकावेत.